विंगेतला देव

नाटक कंपनीत प्रॉम्प्टर हा एकच माणूस असा असतो, ज्याच्याकडे अख्खं पुस्तक असतं आणि ज्याचं कोणी ऐकत नाही. उमेदीची सगळी वर्षं मी हेच काम केलं. दिवसा सरकारी कचेरीत फायली वाचायच्या आणि कचेरी सुटली की विंगेत बसून नाटक वाचायचं. कचेरीतही माझं कोणी ऐकत नसे, त्यामुळे फरक जाणवला नाही. लोक मला मास्तर म्हणत. मी जन्मात कोणाला काही शिकवलेलं नाही. हातात पुस्तक आणि कपाळावर आठ्या, एवढ्या भांडवलावर नागपुरात माणूस मास्तर होतो. आडनाव पाठक, राहणार तिथल्याच महाल भागातला. माझ्याबद्दल इतकं पुष्कळ झालं, कारण सांगायचंय ते शैलाबाईंबद्दल.

पोस्टरवर त्यांचं नाव असं यायचं: ‘नागपूरची सुप्रसिद्ध सिनेस्टार कु. शैलाराणी’. आता यात खरं किती ते बघा. नाव शैलाराणी नव्हतं, शेवंता मेश्राम होतं. ‘कु.’ म्हणावं तर घरी नवरा होता आणि दोन पोरं होती. पण लग्नाआधी पोस्टरचा ठसा एकदा बनला तो बनला. नवरा सायकलच्या दुकानात बसायचा, भला माणूस. म्हणायचा, “छापून झालं नं, मंग राहू द्या कुमारी.” सिनेस्टारची भानगड पुढे सांगतो. राहता राहिलं नागपूर. तेवढं मात्र शंभर टक्के खरं होतं.

आमची कंपनी म्हणजे काय, तर बँकेत काम करणारा कोलते, त्याचे दोन रंगवलेले पडदे, एक पेटीवाला, मी, आणि शैलाबाई. बाकीची नटमंडळी ज्या गावी खेळ असेल त्या गावची. नागपूरहून निघून कुही गाव ओलांडलं की धानाचा, म्हणजे भाताचा पट्टा सुरू होतो. धान घरात आलं की तिकडच्या गावांना नाटकाची खाज सुटते. पाटलाचा पोरगा नायक होतो, शिंपी खलनायक होतो, शाळेतला मास्तर म्हातारा बाप होतो. पण बाईचं काम करायला गावची बाई उभी राहील तर शपथ. म्हणून बाई नागपूरहून आणायची, असा तिकडचा रिवाज. बाईनं संध्याकाळच्या एसटीनं यायचं, तालीम नाही, काही नाही, तोंडाला रंग लावायचा आणि ज्याचं तोंडही कधी पाहिलेलं नाही अशा नवऱ्यासाठी ऊर फोडून रडायचं. शैलाबाईंना डझनावारी नाटकांमधल्या बायका पाठ होत्या. सून पाठ, सासू पाठ, राणी पाठ, वेश्या पाठ. एसटीतून उतरताना पहिल्या पायरीवरून त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “कोन्तं नाटक आहे? मी मरते का?”

मरणाशी त्यांचा संबंध फार व्यवहारी होता. दुसऱ्या अंकात मरायचं असलं तर त्या तिसऱ्या अंकात मागे बसून सावकाश जेवत. शेवटपर्यंत जिवंत राहायचं असलं तर आधी जेवून घेत. रंगमंचावर मरण्याची त्यांची आवडती जागा उजवीकडची, कारण तिकडून स्वैपाकाच्या चुली दिसत आणि भाजीत काय आहे ते कळे. मी एकदा म्हटलं, शैलाबाई, तुम्ही प्राण सोडताना मान इतकी का उंच करता? तर म्हणाल्या, “वांगे आहे का वाल आहे ते दिसत नव्हतं जी.” प्रेक्षक त्या मानेवर ढसाढसा रडले होते.

रंगमंचावर त्यांची भाषा अशी शुद्ध, की पुण्याच्या माणसानं मान खाली घालावी. विंगेत पाऊल टाकलं की लगेच “काहून गा, पाणी कोनी ठेवलं नाही इथं?” ही कला मला कधी उमगली नाही. एका स्पर्धेत परीक्षकांनी त्यांना विचारलं, तुमच्यावर कोणाचे संस्कार? त्या म्हणाल्या, “कोलते भाऊचे. ते चुकलं का चिमटा घेतात.” कोलत्यानं आयुष्यात कोणाला चिमटा घेतला नव्हता. पण तेव्हापासून बायका त्याच्याशी अंतर ठेवून बोलू लागल्या.

आणि माझा अपमान त्या नित्यनेमानं करत. त्यांना प्रॉम्प्टर लागायचाच नाही. एका गावी त्या दुसऱ्या अंकात मेल्या, वर पांढरी चादर टाकली, आणि नायक म्हणजे पाटलाचा पोरगा छाती पिटायला पुढे आला. आला आणि थिजला. एक शब्द आठवेना. मी विंगेतून सांगतोय, ओरडून सांगतोय, पण हा गडी बुजगावण्यासारखा उभा. तेवढ्यात चादरीखालून स्पष्ट आवाज आला, “आता या जगात माझं कोण उरलं.” पोरानं तेवढं म्हटलं. पुन्हा थांबला. पुन्हा चादरीखालून पुढचं वाक्य. अख्खं भाषण मेलेल्या बाईनं पुरवलं. लोकांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. खेळ संपल्यावर एक म्हातारा मला म्हणाला, “नागपूरची बाई आहे जी, मेल्यावर बी संसार पाह्यते.” मी घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. शैलाबाई देवाला हात जोडत नसत.

त्यांचे वडील डोमाजी मेश्राम नागपुरातच इंदोरा वस्तीत राहायचे आणि कापडगिरणीत मागावर होते. छप्पन साली त्यांनी घरादारासकट बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. शेवंता तेव्हा झग्यातली पोर, बापाचं बोट धरून त्या गर्दीत उभी होती. घरी आल्यावर बापानं देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले, नाग नदीत सोडले आणि रिकाम्या देव्हाऱ्यात पोरीची शाळेची पुस्तकं ठेवली. पुढे ही पोरगी नाटकात जायचं म्हणाली, तेव्हा वस्तीला वाटलं आता डोमाजी हिची तंगडी मोडणार. डोमाजी म्हणाले, “कर नाटक. रानी हो, भिकारीन हो, मर, मले काही म्हननं नाही. पण देवाले हात जोडायचे नाही.” पोरगी म्हणाली, बाबा, नाटकातलं तं सारं खोटं असते. डोमाजी म्हणाले, “नाटक खोटं असन. हात तं खरेच आहे नं.”

यावर मी पुष्कळ विचार करून पाहिला आहे.

पण मराठी नाटकात देव्हाऱ्यापुढे न रडणारी बाई आणायची कुठून? पहिल्याच नाटकात सुनेला देवीपुढे भलंमोठं भाषण. शैलाबाईंनी कोलत्याला वाट काढून दिली. म्हणाल्या, देव्हारा स्टेजवर नका मांडू, विंगेत आहे असं समजू. मी विंगेकडं पाहून बोलते. कोलत्याला देव्हारा, मूर्ती, समई असलं काही गावोगाव वाहावं लागणार नव्हतं, त्यामुळे तो जागच्या जागी पुरोगामी झाला. ज्या विंगेत देवी आहे असं ठरलं, त्याच विंगेत मी स्टुलावर बसायचो.

पहिल्या दिवशी मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी आपला पुस्तकात बोट घालून बसलेला, गळ्याला मफलर, नाकावर चष्मा. शैलाबाई तरातरा माझ्यासमोर आल्या, गुडघे टेकले, हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “जगन्माते!” माझ्या हातून पुस्तक पडलं. नंतर म्हणाल्या, “दचकता काहून जी? कोनाले तरी पाहून बोला लागते. तुम्ही बसलेच असता तिथं.” म्हणजे माझी नेमणूक कर्तृत्वावर झालेली नव्हती, मी बसलेलोच होतो म्हणून झाली होती. सरकारी नोकरीतही बढतीचा नियम हाच असल्यामुळे मी हरकत घेतली नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी अंबाबाई झालो, विठ्ठल झालो, एका नाटकात सटवाई झालो. घरी बायको म्हणायची, जरा दळण आणा. मी आणायचो. देवपण विंगेपुरतंच होतं.

मग तो सिनेमा आला. मुंबईची एक कंपनी हिंदी पिक्चरच्या शूटिंगला नागपूरजवळच्या एका टेकडीवर उतरली. गावातल्या गरीब आईचं काम करायला त्यांना इकडचीच बाई पाहिजे होती. कोलत्यानं शैलाबाईंचं नाव सुचवलं. त्या मला सोबत घेऊन गेल्या, कारण त्यांना ऐकून पाठ व्हायचं, आणि तिथल्या लोकांचं हिंदी त्यांच्या मते “लय गुळगुळीत” होतं. काम दोन ठिकाणी होतं. एकदा नायकाशी बोलायचं, आणि एकदा पोरगं आजारी म्हणून देवळात देवीपुढे रडायचं.

दुसरं ऐकल्यावर शैलाबाईंनी सरळ विचारलं, “मूर्ती कुठी आहे?” गॉगल लावलेला डायरेक्टर म्हणाला, मूर्ती नाही. दुपारची वेळ, देवी झोपलेली, पुजाऱ्यानं दार लावून घेतलेलं. त्या बंद दाराला पाठ करून कॅमेरा उभा. तुम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला नजर ठेवून हात जोडा, देवीचं आम्ही बघून घेऊ. शैलाबाईंचा चेहरा उजळला. मला म्हणाल्या, “मास्तर, हे तं आपल्या धर्माचं काम आहे. देवच नाही.” मग डायरेक्टरला म्हणाल्या, नजर ठेवायला हे आमचे मास्तर तिथं बसवा, मले सवय आहे. कॅमेऱ्याशेजारी एका उपड्या पेटीवर मला बसवलं. मी हातात कागद धरून बसलो. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले, म्हणाल्या, “माँ, मेरे बच्चे को बचा ले,” आणि त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं, ते कॅमेरा थांबला तरी थांबेना. त्या टेकडीवर धूळ फार. माझ्याही डोळ्यांत गेली होती.

पिक्चर नागपूरच्या टॉकीजला लागला तेव्हा अर्ध्या इंदोऱ्यानं तिकिटं काढली. डोमाजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मधोमध बसले होते, दोन्ही बाजूंना नातू. त्यांच्या मागच्या रांगेत मी आणि कोलते. नायकाशी बोलायचं काम कापलेलं निघालं. आम्ही हळहळलो. आणि मग एकदम पडद्यावर शैलाबाईंचा चेहरा आला, पडदाभर. जोडलेले हात. वाहणारे डोळे. वस्तीनं टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या. पुढच्या क्षणाला पडद्यावर देवी आली. दागिन्यांनी मढलेली, मागे चक्र फिरतंय, घंटा घणघणतायत, आणि मूर्तीच्या डोक्यावरून एक फूल टपकन खाली पडलं.

ती मूर्ती मुंबईत कुठेतरी प्लास्टरची बनवली होती. शैलाबाईंनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. पण टॉकीजमध्ये बसलेल्या माणसाला काय दिसणार? त्याची लेक देवीपुढे हात जोडून रडत होती. डोमाजींनी वहाणा शोधल्या, पायात घातल्या, नातवांना तिथंच ठेवून निघून गेले.

त्या दिवसापासून त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं. ती दारात आली की हे मागच्या दारानं बाहेर. तिनं डबा पाठवला तर तसाच परत. शैलाबाई सांगायला गेल्या, बाबा, तिथं देव नव्हता. भिंतीकडे तोंड करून ते एवढंच म्हणाले, “मले डोये आहे.” आणि इकडे पोस्टरवर ‘सिनेस्टार’ छापून आलेलं, गावोगावची बोलावणी वाढलेली. कोलते हवेत. शैलाबाई एक दिवस माझ्या कचेरीत येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या बाबूंनी लेखण्या खाली ठेवल्या. डोळ्यांखाली काळं, आवाज बसलेला. म्हणाल्या, “मास्तर, बाबा बोलले नाही तं मी आता नाटकात उभी राहात नाही. मी शब्द मोडला असं त्याइले वाटून राहिलं. मी मोडला नाही. तुम्ही एकटेच साक्षीदार आहे. चला.” त्या बाईला मी हजारदा रडताना पाहिलं होतं आणि दर वेळी ते कोणत्या पानावर आहे हे मला ठाऊक असायचं. हे कोणत्याच पानावर नव्हतं. मला फार वाईट वाटलं. रविवारी गेलो.

डोमाजी अंगणात खाटेवर बसले होते. गिरणीत मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते बोलायचे ते चार घरं ओलांडून. मी ओरडून सिनेमा कसा काढतात ते समजावू लागलो. तांब्या म्हणजे कॅमेरा, तो मांडला. पाट म्हणजे देवळाचं बंद दार. शैलाबाईंना समोर बसवलं. म्हटलं, आधी एकाचं चित्र काढतात, नंतर दुसऱ्याचं, आणि कात्रीनं कापून शेजारी शेजारी चिकटवतात. वस्तीतले लोक भोवती जमले. डोमाजींनी तांब्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं.

“म्हंजे देवी तिथं नव्हती?”

“नव्हती. शपथेवर सांगतो.”

“कोनाची शपथ?”

मी गडबडलो. “कोणाचीच नाही. नव्हती, एवढं खरं.”

डोमाजींचा चेहरा सैल झाला. लेकीकडे त्यांनी कितीतरी दिवसांनी पाहिलं. शैलाबाईंनी पदर तोंडाला लावला. काम झालं होतं. मी तेवढ्यावर उठायला पाहिजे होतं. पण डोमाजींनी सहज विचारलं, “मंग हिनं हात कोनाले जोडले?”

“मला.” मी अभिमानानं म्हटलं. “तांब्याच्या बाजूला मीच होतो ना.”

“तुमाले.”

“हो. नाटकातही मीच असतो. पहिल्यापासून.”

डोमाजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “तुमचं आडनाव काय म्हनलं जी?”

“पाठक.”

डोमाजी लेकीकडे वळले आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “शेवंते, मी तुले देवाईच्या तावडीतून सोडवली, अन् तू डायरेक पुजाऱ्याच्याच पाया पडून राहिली?”

“मी पुजारी नाही,” मी म्हटलं. “सरकारी नोकर आहे.”

“तेच ते.”

लोक हसले. आगीतून काढून मी त्या बाईला फुफाट्यात टाकली होती. शैलाबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की असली नजर कोणत्याही देवाला सोसली नसती. मी उठून उभा राहिलो. तेव्हा डोमाजींनी मला थांबवलं. आवाज जरा खाली आला होता, म्हणजे दोनच घरं.

“एक सांगा जी. ती हात जोडते तवा तुम्ही परत जोडता का?”

“मी कसा जोडणार? माझ्या हातात पुस्तक असतं.”

“त्याइच्या बी हातात असतेच काही ना काही,” डोमाजी म्हणाले. “गदा असते, कमय असते. म्हनूनच ते बी परत हात नाही जोडत. मानसाले मानूस हात जोडते तं तो परत जोडते. तेवढ्यासाठीच तं आमी सारं सोडलं नं बावा.”

त्या दिवशी माझ्या हातात पुस्तकही नव्हतं. डोमाजींनी तांब्यातलं पाणी मला प्यायला दिलं आणि विचारलं, “पुढचा खेय कुठी आहे?”

खेळ कुहीकडच्या एका गावी होता. डोमाजी आमच्याबरोबर एसटीनं आले. इस्त्रीचा सदरा तोच. कोणाशी बोलले नाहीत, लेकीशीही नाही. तिकडं विंगेत आले आणि माझ्या स्टुलाकडे बघून म्हणाले, “सरका तिकडं.” मी पुस्तक घेऊन समोरच्या विंगेत गेलो. गिरणीवाल्या माणसाला ऊठ म्हणायची कोलत्याची छाती नव्हती.

नाटक नेहमीचंच. छळलेली सून, दुसऱ्या अंकात देवीपुढे भाषण, तिसऱ्यात विहीर. दुसरा अंक आला. शैलाबाई त्या विंगेकडे धावल्या आणि समोर बाप बघून पाय जमिनीला खिळल्यासारख्या थांबल्या. मला पलीकडून त्यांची पाठ दिसत होती. हात वर येईनात. ज्या बाईला मेल्यावरसुद्धा दुसऱ्याची भाषणं आठवत, तिला स्वतःचं आठवेना. मी इकडून शब्द टाकला, पण मधे अख्खा रंगमंच. शेवटी त्यांचे हात हळूहळू वर आले, जुळले, आणि त्या म्हणाल्या, “आई, इतकी वर्षं मी तुझ्यापुढे हात जोडते आहे. तू बोलत का नाहीस?”

हे वाक्य पुस्तकातलंच होतं. त्यानंतर पुस्तकात देवी बोलत नाही.

डोमाजी उठून उभे राहिले. दोन्ही हात जोडले आणि मागावरच्या आवाजात म्हणाले, “जय भीम, बाई.”

देवी बोलली. मांडवात शेवटच्या बांबूपर्यंत ऐकू गेलं. पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या पाटलानं मान वळवून मागे पाहिलं, कारण मागून, जिथं गावाच्या त्या टोकाची मंडळी सतरंजीशिवाय बसली होती, तिथून एका म्हातारीनं उत्तर दिलं, “जय भीम, भाऊ.” मग तिच्या शेजारच्यानं. मग तिकडं सगळ्यांनीच. कोलत्यानं पडद्याची दोरी हातात घेतली आणि पाडावा की नाही हे न कळून तिलाच धरून उभा राहिला.

शैलाबाई मात्र हलल्या नाहीत. ताठ झाल्या, प्रेक्षकांकडे वळल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, “बोलली! आता मला कोणाची भीती नाही.” टाळ्यांनी मांडव हादरला. पाटलानंही वाजवल्या, सगळे वाजवतात म्हणून. पण नाटकाचं वाटोळं झालं. जिला कोणाची भीती नाही ती तिसऱ्या अंकात विहिरीत कशाला उडी घेईल? कोलते माझ्याकडे धावत आला. “मास्तर, आता ही मरते कशी?” मी पुस्तक मिटलं. शैलाबाईंनीच निकाल लावला. तिसऱ्या अंकात त्यांनी सासूला विहिरीवर पाणी भरायला पाठवलं आणि स्वतः जिवंत राहिल्या. सासूचं काम करणारा न्हावी विहिरीजवळ जाऊन गोंधळून परत आला. गावाला हा शेवट इतका आवडला की पुढच्या वर्षी हाच खेळ ‘देवी बोलते’ अशा जाहिरातीनं मागवला गेला.

परतीच्या एसटीत बाप-लेक शेजारी बसले होते. मी मागच्या बाकावर. कुही मागं पडल्यावर डोमाजी बोलले, म्हणजे अख्ख्या एसटीला ऐकू गेलं. “रडनं जास्त झालं तुयं.” शैलाबाई म्हणाल्या, “हो बाबा.” आणि खिडकीकडे तोंड करून पुन्हा रडल्या. जास्तच.

पुढे डोमाजी जमेल तेव्हा खेळाला येऊ लागले. विंग त्यांची. मी कायमचा पलीकडे गेलो. देवपण गेल्याचं दुःख नव्हतं, स्टूल गेलं त्याचं झालं. ते एकच स्टूल नीट होतं. सिनेमात शैलाबाईंना पुन्हा कोणी बोलावलं नाही, आणि पोस्टरवरून ‘सिनेस्टार’ कोणी काढलंही नाही. डोमाजी गेले तेव्हा कंपनीनं त्या विंगेत काही दिवस कोणाला बसू दिलं नाही. मग शैलाबाई एकदा चिडून म्हणाल्या, “तिकडं कोनी बसा जी, रिकाम्या जागेले मी हात जोडत नसते.” तर पेटीवाला बसला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नागपुरातल्या नंदनवन वसाहतीत. त्यांचा मुलगा नोकरीला लागला, त्यानं तिकडं घर घेतलं होतं. माझं प्रॉम्प्टिंग सुटलं होतं, चष्म्याचा नंबर पुस्तकाच्या पुढे गेला होता. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर तोच पिक्चर लागणार म्हणून त्यांनी मुद्दाम बोलावणं धाडलं. गल्लीत रंगीत टीव्ही त्यांच्याकडेच, त्यामुळे खोली गच्च. पुढे सगळ्या आळीतल्या म्हाताऱ्या. भिंतीवर डोमाजींचा फोटो, इस्त्रीचा सदरा तोच. माझ्या हातात चिवड्याची बशी दिली होती आणि मला खुर्ची दिली होती, हे नमूद करतो.

त्यांचा चेहरा आला. इतक्या वर्षांनी, छोट्या पडद्यावर. जोडलेले हात, वाहणारे डोळे. म्हाताऱ्या पदर सावरून पुढे सरसावल्या, हात जोडायच्या तयारीत, कारण पुढे देवी येणार हे सगळ्यांना माहीत. शैलाबाई उठल्या आणि खट करून टीव्ही बंद केला. पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहिला आणि विझला.

“अवं, देवी राहिली नं,” एक म्हातारी कळवळून म्हणाली.

“माझं काम झालं वं काकी,” शैलाबाई म्हणाल्या. “तिचं तिनं पाह्यावं.”

खोलीत एकच गिल्ला झाला. त्या गिल्ल्यातून त्या माझ्याजवळ आल्या. केस पिकू लागलेले, पण चाल राणीचीच. म्हणाल्या, “मास्तर, त्या दिवशी टेकडीवर तुमच्या डोयात धूळ गेली होती, याद आहे?”

“फार धूळ होती तिथं.”

“माझ्या डोयात नव्हती गेली. तुमचं पाहून मले रडू आलं होतं जी. बाबाले सांगतलं होतं मी मागून. तं बाबा म्हने, मंग एवढा काही दगड नाही तो.”

मी चिवडा चावत राहिलो. दुसरं काय करणार? निघायला उठलो तर त्या दारापर्यंत आल्या आणि त्यांनी हात जोडले. नाटकातल्यासारखे नाहीत. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटल्यावर जोडतात तसे, छातीशी, साधे.

“जय भीम, मास्तर.”

माझ्या हातात अजून बशी होती. मी टेबल शोधलं, नव्हतं. खुर्चीवर तेवढ्यात कोणी तरी बसलं होतं. शेवटी वाकून बशी जमिनीवर ठेवली, गुडघे कुरकुरले, आणि दोन्ही हात मोकळे करून सरळ उभा राहिलो. हात जोडले. “जय भीम, शैलाबाई,” मी म्हटलं.

त्यांनी मान तिरकी केली, अंक बिघडला की करायच्या तशी. “विंगेतल्यासारखं नका बोलू जी. मागं ऐकू नाही गेलं.”

मी फोटोकडे पाहिलं, घसा साफ केला आणि चार घरांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं.